मेक्सिको सिटीत जेवायचं कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीच्या निमित्ताने मी तीन वर्षं मेक्सिको सिटीत राहिलो, नार्वार्ते नावाच्या वस्तीत. मी सगळं खातो, बायको पक्की शाकाहारी. त्यामुळे दोन्ही बाजूंचा अभ्यास घरातच झाला. ओळखीतलं कोणी तिकडे निघालं की फोन येतो आणि प्रश्न तेच असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. पेसोचा भाव वरखाली होतो. हिशोबाला एक पेसो म्हणजे पाच रुपये धरा, फार चुकणार नाही.

आमच्याकडे फक्त चार दिवस आहेत. सरळ यादी द्या ना, कुठे कुठे जेवायचं?

यादी पुढे येईलच, पण त्याआधी घड्याळ समजून घ्या. पाहुण्यांचं तिथे जे काही बिनसतं ते यादीमुळे नाही, वेळेमुळे. आपण रात्री आठला छान कपडे घालून जेवायला बाहेर पडतो. हे शहर तोवर जेवून मोकळं झालेलं असतं.

तिथलं खरं जेवण दुपारचं. त्याला कोमिदा म्हणतात आणि ते दोनला सुरू होऊन चार-पाचपर्यंत चालतं. सकाळी कामावर जाताना रस्त्यावर उभ्याउभ्या काहीतरी तोंडात टाकायचं, अकराच्या सुमारास पुन्हा थोडं काही, दुपारी मांडी ठोकून जेवायचं आणि रात्री टाको (मक्याच्या पोळीत घातलेलं सारण) नाहीतर गोड पाव आणि गरम चॉकलेट. कित्येक जुनी, चांगली ठिकाणं संध्याकाळी सरळ बंद होतात. तुम्ही साडेबाराला पोचलात तर वेटर अजून टेबलं पुसत असतो.

याला हवेचंही कारण आहे. शहर समुद्रसपाटीपासून २,२४० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे तुम्ही कळसूबाईच्या डोक्यावर आणखी सहाशे मीटर चढून जेवताय. तिथे रात्रीचं जड जेवण अंगावर येतं, विशेषतः पहिले दोन दिवस. दुपारी पोटभर, रात्री हलकं, एवढं पाळलंत तर चार दिवस सुखात जातील.

दुपारी जेवायला कुठे जायचं मग?

फोंदामध्ये. फोंदा म्हणजे आपली खानावळ. सात-आठ टेबलं, प्लास्टिकचे टेबलक्लॉथ, बाहेर फळ्यावर हाताने लिहिलेला आजचा बेत. जे मिळतं त्याला कोमिदा कोरिदा म्हणतात, ठरावीक पैशांत ठरावीक ताट. साधारण ९० ते १५० पेसो.

क्रम असा असतो: आधी पातळ सूप. मग ‘सोपा सेका’, शब्दशः कोरडं सूप, आणि ते असतो भात किंवा शेवयांसारखा पास्ता. पहिल्यांदा ‘कोरडं सूप’ कळलं तेव्हा मला वाटलं आपलं स्पॅनिश कच्चं आहे. मग मुख्य पदार्थ, बहुतेक रस्सेदार, सोबत उसळीसारखा राजमा आणि कापडात गुंडाळलेल्या गरम तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पोळ्या. पाण्याऐवजी जग भरून फळाचं सरबत. शेवटी चमचाभर जेली किंवा ‘आरोस कोन लेचे’, म्हणजे दालचिनी घातलेली तांदळाची खीर.

चांगलं फोंदा कसं ओळखायचं? अडीच वाजता दारात गळ्यात ओळखपत्र लटकवलेली ऑफिसातली माणसं उभी दिसली की आत शिरा. नावाने शोधत बसू नका, प्रत्येक गल्लीला एक असतं. आणि आत शिरताना, निघताना बसलेल्या अनोळखी माणसांनाही ‘प्रोवेचो’ म्हणायची रीत आहे, म्हणजे ‘सावकाश होऊ द्या’. मला तिथलं काय आठवतं विचाराल तर आधी हेच आठवतं.

मी शाकाहारी आहे. उपाशी राहावं लागेल का?

नाही, पण ‘शाकाहारी’ एवढं म्हणून भागणार नाही. ‘कार्ने’ या शब्दाचा अर्थ तिथे बऱ्याचदा फक्त गाय-डुकराचं मांस असा घेतला जातो. ‘सिन कार्ने’ सांगितलंत की कोंबडी येते. कोंबडी नको म्हटलंत की हॅम येतं, अगदी प्रेमाने. म्हणून पूर्ण वाक्य पाठ करा: ‘सोय बेहेतारिआनो (बाईमाणूस असेल तर बेहेतारिआना), नो कोमो कार्ने, नि पोयो, नि पेस्कादो, नि हामोन.’ मांस नाही, कोंबडी नाही, मासा नाही, हॅमसुद्धा नाही.

एवढ्यावरही दोन चोरवाटा उरतात. पहिली मांतेका, म्हणजे डुकराची चरबी. राजमा बहुधा त्यातच परततात आणि तामालच्या (मक्याच्या पिठाच्या उकडलेल्या गोळ्याच्या) पिठात ती जवळजवळ नेहमीच असते, आत सारण चीज-मिरचीचं असलं तरी. दुसरी काल्दो दे पोयो, कोंबडीचं पाणी. निरुपद्रवी दिसणारा लाल भात आणि टोमॅटोचं सूप बहुतेक त्यातच शिजतं. ‘येवा मांतेका? येवा काल्दो दे पोयो?’ असं विचारा. खरं उत्तर देतात, कोणी तोंड वाकडं करत नाही. तिसरी गंमत मेस्काल या दारूसोबत येते: संत्र्याच्या फोडीवर भुरभुरवलेलं तांबूस तिखटमीठ. ते ‘साल दे गुसानो’, अळ्या वाळवून कुटलेलं मीठ.

आता चांगली बातमी. मक्याची तोर्तिया पीठ, पाणी आणि चुना एवढ्यावरच होते. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजत ठेवून, साल काढून वाटतात. त्यानेच पीठ मळताना चिकटतं आणि तो खास वास येतो. (गव्हाच्या तोर्तियात मात्र चरबी असू शकते.) आणि त्या तोर्तियात भरायला काय काय आहे पाहा. भोपळ्याची फुलं. नोपाल, म्हणजे फड्या निवडुंगाची काटे काढलेली पानं, भेंडीसारखी किंचित बुळबुळीत. मशरूम. आणि वित्लाकोचे. ज्वारीवर काणी पडली की आपल्याकडे शेतकरी कपाळाला हात लावतो. तिकडे मक्याच्या कणसावरची तशीच काळी काणी चवीचा ऐवज म्हणून विकली जाते. रंगाकडे पाहू नका, खा.

रानभाज्या तर माहेरच्या वाटतील. त्यांचं एकत्रित नाव केलितेस. बेर्दोलागास म्हणजे आपली घोळ. बाजारात जुडी पाहून बायकोने चक्क मराठीत भाव विचारला होता. फक्त फोंदामध्ये ती भाजी बहुधा डुकराच्या मांसासोबत हिरव्या रश्शात येते, तेव्हा विचारून घ्या.

पूर्ण निर्धास्त खायचं असेल तर रोमा वस्तीत ‘पोर सिएम्प्रे बेगाना’ नावाची वनस्पतीजन्य टाकोची जागा आहे, ‘अल पास्तोर’ (एरवी सळईवर भाजलेल्या डुकराचा टाको) सुद्धा बिनमांसाचा. संध्याकाळी रस्त्यावर चांगली गर्दी असते आणि खाणारे निम्मे लोक शाकाहारी नसतात, यातच काय ते आलं.

त्लाकोयो म्हणजे काय? सगळे सांगतात खा, कोणी समजावत नाही.

थालीपीठ आणि पुरणपोळी यांच्या मधली वस्तू. बाजाराच्या कडेला फुटपाथवर एक बाई कोळशाच्या शेगडीपुढे बसलेली असते. शेजारी परातीत निळ्या मक्याचं पीठ, ओल्या पाटीच्या रंगाचं. लिंबाएवढा गोळा घेते, अंगठ्याने वाटी करते, त्यात वाटलेल्या घेवड्याचं किंवा पनीरसारख्या रेकेसोनचं सारण भरते, तोंड मिटते आणि दोन्ही तळहातांत थापत थापत त्याला होडीसारखा लांबट आकार देते. लाटणं नाही, पोळपाट नाही. तव्यावर, म्हणजे कोमालवर, तेलाशिवाय भाजते. वरून नोपालची कोशिंबीर, चुरलेलं चीज आणि साल्सा, म्हणजे त्यांची चटणी. तुम्हाला ती ‘गुएरिता’ किंवा ‘गुएरो’ अशी हाक मारेल, म्हणजे ‘गोरे’, ‘गोऱ्या’. तुमचा रंग कुठलाही असो. आपल्या भाजीवाल्या ‘ताई’ म्हणतात तसंच ते.

शाकाहाऱ्यांसाठी शहरातला सर्वात भरवशाचा पदार्थ माझ्या मते हाच. सारणात चरबी आहे का तेवढं विचारा, झालं.

केसादिया मागवला तर चीजच नव्हतं. फसवलं का?

नाही. बाकी देशात केसादियात, म्हणजे दुमडून भाजलेल्या तोर्तियात, चीज गृहीत असतं. राजधानीत ‘कोन केसो’, चीज घालून, असं वेगळं सांगावं लागतं. यावरून राजधानी आणि उरलेला देश यांचं भांडण सतत चालू असतं. तुम्ही बाजू घेऊ नका. ‘कोन केसो’ म्हणा.

आम्ही बीफ खात नाही, बाकी चालतं. टाकोच्या गाडीवर काय मागायचं?

पाच शब्द पुरतात. रेस म्हणजे गाय-बैलाचं मांस, पुएर्को किंवा सेर्दो म्हणजे डुक्कर, पोयो कोंबडी, बोरेगो मेंढी, चीवो बोकड. अडचण अशी की फळ्यावर हे शब्द नसतात, तुकड्यांची नावं असतात. बिस्तेक, सुआदेरो, आराचेरा, गाओनेरा हे सगळं बीफ समजा. लेंग्वा (जीभ) आणि काबेसा (मुंडी) हेही बहुतेक तेच. अल पास्तोर आणि कार्नितास ही डुकराची. बिर्रिया कधी बोकडाची, कधी बीफची, विचारल्याशिवाय घेऊ नका.

मटणवाल्यांनी मात्र शनिवार-रविवारची सकाळ राखून ठेवावी. त्या दिवशी बार्बाकोआ मिळतो: मेंढीचं मटण घायपाताच्या जातीतल्या ‘मागेय’ नावाच्या झाडाच्या पानांत गुंडाळून जमिनीतल्या खड्ड्यात रात्रभर शिजवलेलं. त्याचा गळलेला रस खाली भांड्यात जमतो, त्यात काबुली चणे आणि तांदूळ असतात. हा कोन्सोमे वाटीत घ्या, लिंबू पिळा, कांदा-कोथिंबीर टाका आणि पहिला घोट घ्या. कोल्हापूरकर असाल तर पांढऱ्या रश्शाशी तुलना करून दोन मिनिटं वाद घालाल आणि मग दुसरी वाटी मागाल. दुपारी एकनंतर गेलात तर संपलेलं असतं.

रस्त्यावरचं खाल्लं तर पोट बिघडेल ना?

तीन वर्षांत माझं पोट एकदाच नीट बिघडलं, आणि ते गाडीवर नाही, काचेच्या दारांच्या एका चकाचक हॉटेलातल्या सॅलडने. गाडीवर माल तुमच्यासमोर तापतो आणि तासाभरात संपतो. गर्दी असलेली गाडी, पैसे घेणारा वेगळा आणि अन्नाला हात लावणारा वेगळा, आणि साल्सा झाकलेला, या तीन गोष्टी पाहा.

नळाचं पाणी पिऊ नका, तिथले लोकही पीत नाहीत. घरोघरी २० लिटरच्या बाटल्या येतात. दुकानातला, मध्ये भोक असलेला बर्फ कारखान्यातला असतो, तो चालतो. उन्हात उघडं ठेवलेलं मेयोनेज टाळा.

टाकोच्या गाडीवर वागायचं कसं? सगळं फार पटापट चालतं.

पाणीपुरीवाल्याकडे वागता तसं. आधी खायचं, मोजणी लक्षात ठेवायची, शेवटी किती खाल्ले ते आपणच सांगायचं. तो विश्वास ठेवतो. प्लेटवर पारदर्शक पिशवी चढवलेली असेल, प्लेट धुवायला लागू नये म्हणून. ती काढायची नाही. ‘कोन तोदो?’ विचारलं तर त्याचा अर्थ कांदा-कोथिंबीर घालू का. ‘कोन कोपिया’ म्हटलं की दोन तोर्तिया मिळतात, सारण सांडत नाही. लिंबू फुकट आणि हवं तितकं. तेही आपलंच, कागदी लिंबू. फक्त एकदम सहा मागवू नका, गार होतात. दोन-दोन मागवा. आणि खाताना कोपर वर, कंबर मागे. रस बुटावर पडला की ओळखतात की पाहुणा आहे.

अल पास्तोर नक्की कुठे खावा?

आधी तो काय आहे ते. लेबनॉनहून आलेल्या लोकांनी उभ्या सळईवर भाजायचा शावर्मा आणला. मेक्सिकोत त्याची मेंढी जाऊन डुक्कर आलं, मसाला मिरची आणि आचिओतेचा झाला आणि डोक्यावर अननस बसला. कारागीर सुरीच्या टोकाने अननसाची चकती उडवतो आणि दुसऱ्या हातातल्या टाकोत झेलतो. दहापैकी नऊ वेळा पडत नाही.

जागा: नार्वार्तेत ‘एल बिल्सितो’, दिवसा मोटारीचं गॅरेज आणि रात्री टाकोचं दुकान. सेंत्रोत, म्हणजे शहराच्या जुन्या मध्यभागात, ‘एल उएकितो’, १९५९ पासूनचं. पण खरं सांगू का, नार्वार्तेत कुठल्याही कोपऱ्यावर रात्री दहाला मांसाचा तो लाल भोवरा गर्दीत फिरताना दिसला की थांबा. दुपारी दोनला अल पास्तोर खाणारा माणूस मला जरा संशयास्पद वाटतो. भोवरा तेव्हा नुकताच लावलेला असतो, कडा खरपूस झालेल्या नसतात.

तिथलं तिखट आपल्याला काय करणार!

हे वाक्य मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय, आणि दहा मिनिटांनी त्यांना दूध शोधतानाही पाहिलंय. आपलं तिखट शिजलेलं असतं, तेलात मुरलेलं. त्यांचा साल्सा बऱ्याचदा कच्चा असतो आणि सरळ जिभेला भिडतो. लालपेक्षा हिरवा सौम्य असेल असं समजू नका, अनेकदा उलटं असतं. नारिंगी दिसला आणि आबानेरो (एक जहाल मिरची) म्हणाले तर टोकाला लावून पाहा. ‘नो पिका’, म्हणजे तिखट नाही, या वाक्यावर मी अजूनही विश्वास ठेवत नाही.

बाकी मिरची त्यांच्याकडूनच आली, पोर्तुगीजांच्या गलबतांतून गोव्याला आणि तिथून आपल्या खलबत्त्यात. तेव्हा तोरा दाखवायचा असेल तर जपून.

उपवास असेल तर? आणि जैन जेवण?

जैन जेवण अवघड आहे. कांदा-लसूण नसलेलं काही शिजवून मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. फळं, तोर्तिया, चीज, भाजलेले नोपाल यांवर राहावं लागेल.

उपवासाचं मात्र उलटं आहे. आषाढीचं ताट डोळ्यांसमोर आणा: बटाटा, रताळं, शेंगदाणा, राजगिरा, साबुदाणा ज्यापासून करतात तो कंद. सगळे अमेरिका खंडातले. आपण ज्याला सोवळ्यातलं अन्न म्हणतो ते जहाजातून आलं आहे. राजगिरा तर खास मेक्सिकोचा. लाह्या मधात किंवा गुळासारख्या पिलोन्सियोत थापून वडी करतात, तिचं नाव आलेग्रिया, म्हणजे आनंद. सोचिमिल्कोकडच्या तुल्येउआल्को गावाची प्रसिद्ध, पण मेट्रोच्या पायऱ्यांवरही मिळते. हुबेहूब आपली राजगिऱ्याची चिक्की.

आणि संध्याकाळी सात-साडेसातला गल्लीत एक कर्कश, लांबलचक शिट्टी ऐकू येईल, कारखान्याचा भोंगा वाजावा तशी. पहिल्या रात्री मी गॅलरीत धावलो होतो. ती रताळ्याची गाडी. लाकडावर तापणारी पत्र्याची भट्टी, तिच्यातल्या वाफेची ती शिट्टी. खण ओढला की आत वाफाळती रताळी आणि मोठी केळी. वरून आटवलेलं दूध घालतात.

मिशेलिनवाली ठिकाणं घ्यावीत का?

मिशेलिन म्हणजे हॉटेलांना तारे देणारी मार्गदर्शिका. मेक्सिकोसाठी तिची पहिली यादी २०२४ मध्ये आली. त्यात ‘पुहोल’ आणि ‘किंतोनिल’ या पोलांको वस्तीतल्या दोघांना प्रत्येकी दोन तारे मिळाले. पुहोल एन्रीके ओल्बेरा यांनी २००० मध्ये सुरू केलं. तिथला ‘मोले माद्रे’ प्रसिद्ध आहे: जुन्या मोलेत (मिरच्या-मसाल्यांच्या घट्ट वाटणात) रोज नवा मिसळत, वर्षानुवर्षं जिवंत ठेवलेला रस्सा. विरजण मोडू न देणाऱ्या घरातल्या माणसाला त्यात विशेष कौतुक वाटणार नाही, पण चव वेगळीच आहे. आरक्षण बरंच आधी करावं लागतं, शाकाहारी असाल तर तेव्हाच सांगा. खर्च? तेवढ्यात फोंदामध्ये महिनाभर जेवाल. लग्नाचा वाढदिवस असेल तर जा.

त्याच यादीत सान राफाएल वस्तीतल्या ‘एल कालिफा दे लेओन’ या टाकोच्या खोपटालाही एक तारा मिळाला. बसायला खुर्ची नाही, पदार्थ मोजून चार, सगळं मांस. गाओनेरा टाको, म्हणजे पातळ बीफ, मीठ आणि लिंबू. टाको उत्तम आहे. पण खायला दोन मिनिटं आणि रांगेत त्याच्या कित्येक पट वेळ, हा हिशोब मला जमत नाही.

एलेना रेगादास यांच्या ‘रोसेता’च्या बेकरीतला पेरूचा रोल मात्र रांगेला पुरून उरतो. सकाळी लवकर जा, रोमा वस्तीत.

सोबत आई-बाबा आहेत. उभं राहून खाणं जमणार नाही. सेंत्रोमध्ये नीट बसायला कुठे?

सकाळी ‘एल कार्देनाल’. १९६९ पासूनचं. तिथे मागायचं ते ‘नाता’: गोड पावासोबत दुधाची जाड साय. साय-साखर-पोळीवर वाढलेल्या पिढीला वेगळं काही समजवावं लागत नाही. सोबत फेटलेलं गरम चॉकलेट. दुपारसाठी जुन्या वाड्यातलं १९१२ चं ‘काफे दे ताकुबा’, किंवा निळ्या-पांढऱ्या फरशांनी मढवलेली ‘कासा दे लोस आसुलेहोस’, जिच्या चौकात काचेच्या छताखाली बसता येतं. तिथलं जेवण ठीकठाक, जागा अप्रतिम. जिन्यावरचं ओरोस्कोचं भित्तिचित्र पाहायला विसरू नका. रात्री चुरोससाठी (तळलेल्या गोड कांड्या) ‘एल मोरो’, १९३५ पासून.

याच भागात शिक्षण खात्याची जुनी इमारत आहे. तिथे दिएगो रिबेराच्या भित्तिचित्रांत ‘आपली भाकर’ अशा अर्थाचं एक चित्र आहे, एक माणूस पंगतीत भाकरी मोडून देतोय असं. तो चेहरा पांडुरंग खानखोजे यांचा. वर्ध्याचे, गदर चळवळीतले क्रांतिकारक, पुढे शहराजवळच्या चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवणारे आणि मक्यावर संशोधन करणारे. माझ्या बाबांनी चित्रासमोर उभं राहून टोपी काढली होती, आणि मग म्हणाले, ‘आता जेवायला चला.’

बाजारात जाऊन खायचंय. कुठला बाजार?

काय हवंय त्यावर. भव्यता हवी असेल तर ला मेर्सेद: मिरच्यांच्या राशी, मोलेच्या काळ्या-लाल टेकड्या, निवडुंगाचे काटे सपासप तासणाऱ्या बायका. पाकीट पुढच्या खिशात ठेवा. मांसाची विचित्र हौस असेल तर सान हुआन, तिथे नाकतोडेही मिळतात. चित्रकार फ्रिदा काहलोचं निळं घर पाहायला जाणारच असाल तर कोयोआकानच्या बाजारात तोस्तादा (कुरकुरीत तोर्तियावर रचलेलं सारण) खा, आणि जवळ ‘एल हारोचो’ची कॉफी घ्या, १९५३ चं दुकान, फुटपाथवरच्या बाकावर बसून प्यायची.

पण माझं मत विचाराल तर ज्या वस्तीत उतरलाय तिथला तियांगिस कुठल्या वारी असतो ते विचारा. हा आपला आठवडी बाजार. ठरलेल्या वारी रस्ता अडवून गुलाबी-लाल ताडपत्र्या लागतात. फळवाला सुरीवर फोड देतो: आंबा, पेरू (गुआयाबा), आणि चिकू. चिकू हा शब्दच तिकडचा, चिकोसापोते. घोलवडचा माणूस असाल तर त्याला सांगून पाहा. फळांवर तिखटमीठ आणि लिंबू मारून पेल्यात देतात, शाळेच्या फाटकाबाहेरची आठवण येते. बाजाराच्या टोकाला खाण्याच्या गाड्या, दुपारी एक-दोनला पूर्ण भरात.

फळ विकत घेताना एक: ‘तूना’ म्हणजे मासा नाही, निवडुंगाचं बोंड. शाकाहारी मित्राने घाबरून नाकारलं होतं.

सकाळचा नाश्ता लोक काय करतात?

मेट्रोच्या तोंडाशी मोठ्या पातेल्यातून वाफ येत असते. तिथे तामाल पावात घालून देतात, त्याला गुआहोलोता म्हणतात. मक्याच्या पिठाचा उकडलेला गोळा, तो मैद्याच्या पावात. पिठात पीठ. वडापाव खाणाऱ्या माणसाने नावं ठेवू नयेत. सोबत आतोले, मक्याची दाट गोड पेज. (मांतेकाचं वर सांगितलंय.)

प्यायला काय?

अंबाडीच्या लाल बोंडांचं सरबत, तिथे त्याला हामाइका म्हणतात. विदर्भातल्यांना ओळखीचं वाटेल. चिंचेचं तामारिंदो, तांदळाचं ओर्चाता. मद्य घेत असाल तर सेंत्रोतल्या ‘लास दुएलिस्तास’मध्ये पुल्के चाखा, मागेय झाडाच्या गोड रसाला आंबवून केलेलं, ताडीच्या नात्यातलं, थोडं तारेचं. पहिला घोट आवडत नाही, तिसरा आवडतो. उंचीमुळे दारू लवकर चढते, नेहमीच्या निम्म्यावर थांबा.

टिप किती? आणि बिल का आणत नाहीत?

बसून जेवलात तर १० ते १५ टक्के. दरात कर धरलेला असतो. न मागता बिल आणणं म्हणजे ‘उठा आता’ म्हणण्यासारखं, म्हणून वेटर आणत नाही. ‘ला क्वेंता, पोर फाबोर’ म्हणावं लागतं. गोड पावाची टोपली टेबलावर आली तर ती फुकट नसते, जितके उचललेत तितक्यांचे पैसे.

चार दिवसांत वरणभाताची आठवण आली तर?

भारतीय हॉटेलं मोजकीच आहेत. भाड्याच्या घरात स्वयंपाकघर असेल तर घरीच लावा, पण पाणी तिथे ९२-९३ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ तासभर लावूनही शिजत नाही. कुकर असेल तरच नाद करा. आम्ही पहिल्या रविवारी तूरडाळीपुढे हात टेकले आणि खाली जाऊन कणीस खाल्लं, एस्किते: पेल्यात दाणे, लिंबू, तिखट, चीज. वरून मेयोनेज घालतात, अंडं चालत नसेल तर ‘सिन मायोनेसा’ म्हणा.

परत येताना काय आणावं?

वाळलेल्या मिरच्या: आंचो, गुआहियो, आणि धुरावलेली चिपोत्ले. दालचिनी घातलेल्या चॉकलेटच्या जाड चकत्या. पापांत्लाची व्हॅनिला, कारण व्हॅनिला मुळात मेक्सिकोचीच. मोलेचा गोळा बाजारात किलोवर मिळतो. तो हातातल्या बॅगेत ठेवू नका, विमानतळावर पातळ पदार्थात मोजतात. घेतानाच विक्रेत्याला दोन पिशव्या मागा. माझी एकच होती, आणि पांढऱ्या शर्टाचं काय झालं ते बायको अजून सगळ्यांना सांगते.